देवीची मोहोर हलकी का झाली

एका राज्यात एक म्हातारा पारखी होता, आणि तो दमून गेला होता. चालून नव्हे, बघून बघून दमला होता. उभा जन्म त्याने खोटी नाणी पाहण्यात घालवला. कुणी नाण्याची कड कातरतो, कुणी कानस फिरवतो, कुणी चामड्याच्या पिशवीत नाणी घालून घुसळतो आणि तळाशी बसलेली सोन्याची धूळ वितळवून घेतो. आत तांबे आणि वर मुलामा, असले उद्योग करणारे तर गल्लोगल्ली. राजा म्हणे, "चोर शोधा," आणि पारखी शोधून देई. चोर काही संपत नसत. पारख्याचे गुडघे मात्र संपत आले होते.

अशा माणसाला एके दिवशी राजाचा हुकूम आला, की खिंडीपलीकडच्या गावी जा.

त्या गावात देवीचे देऊळ होते, आणि देवीच्या पेटीत जुन्या काळची एक सोन्याची मोहोर होती. ती नुसती पूजेची नव्हती. जत्रेच्या दिवशी आसपासच्या बाजारांतले सोनार आपापली वजने घेऊन यायचे आणि त्या मोहोरेशी ताडून बघायचे. मोहोरेएवढे भरले ते वजन खरे. टांकसाळ एक वेळ चुकेल, देवीची मोहोर चुकायची नाही, असा लोकांचा भरवसा.

यंदा एका परगावच्या सोनाराने टांकसाळीतून नवेकोरे वजन आणले. एका पारड्यात वजन ठेवले, दुसऱ्यात मोहोर. मोहोरेचे पारडे वर गेले. पुन्हा ठेवले, पुन्हा वर गेले. साऱ्या जत्रेची बोलती बंद झाली.

पारखी तट्टावर बसून, कण्हत-कुंथत गावात पोचला, तेव्हा पाटील वेशीतच उभा होता. पाटलाजवळ उत्तर तयार होते. काही माणसांजवळ उत्तर नेहमीच तयार असते, प्रश्न मागाहून आला तरी चालतो.

"पारखीबुवा, तुम्हाला उगीच तसदी," पाटील म्हणाला. "चोर आमच्या देवळातच बसलाय. नवरा मेल्यापासून गुरवीण एकटी देवीचं बघते. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही मोहोरेला. आता काय उंदरांनी खाल्लं सोनं?"

"उंदीर सोनं खात नाहीत," पारखी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! लिहा तिचं नाव आणि जेवायला चला. पुरणपोळ्या केल्यात."

पारख्याला मोह झाला, खोटे कशाला सांगायचे? नाव लिहायचे, पोळीवर तूप घ्यायचे, आणि उन्हे उतरायच्या आत परतीला लागायचे. पण जन्माची सवय वाईट. तो म्हणाला, "आधी मोहोर दाखवा."

मोहोर त्याने उन्हात धरली. कड कातरलेली नव्हती. कानशीचे ओरखडे नव्हते. पिशवीत घुसळलेले नाणे चहूबाजूंनी सारखे बोथट होते, तसेही नव्हते. कसोटीवर रेघ ओढली तर सोने बावनकशी. मग कमी झाले कुठे? त्याने मोहोर फिरवली आणि त्याच्या बोटाला ते कळले. ती एकाच बाजूने झिजली होती. तिरकी आणि गुळगुळीत. जायफळ उगाळून उगाळून एका अंगाने चपटे होते ना, तशी.

पारखी बराच वेळ ती चपटी जागा अंगठ्याने चाचपत राहिला. चोर घाईत असतो. हे काम घाईचे नव्हते. वर्षानुवर्षे, एकाच हाताने, एकाच कलाने, हळू हळू केलेले काम होते. असला चोर त्याने पाहिला नव्हता.

देवळामागे गुरविणीची एक खोली होती. छपरातून ऊन खाली येत होते. म्हातारी अंगणात बसून सुपात तांदूळ निवडत होती. ती उठली नाही.

"बसा. पाणी प्या आधी, चढ चढून आलात," ती म्हणाली.

पारखी पाणी प्यायला आणि त्याने विचारले, "बाई, मोहोर तुम्ही झिजवलीत?"

"हो."

पारखी गोंधळला. उभ्या जन्मात त्याला पहिल्याच प्रश्नाला खरे उत्तर कुणी दिले नव्हते. पुढचे प्रश्न त्याच्या डोक्यात रांगेने उभे होते, ते सगळे एकमेकांवर आदळले.

"कशावर झिजवलीत?"

"दगडावर."

"आणि सोनं?"

"गेलं."

"विकलंत?"

गुरवीण हसली. "वर बघा जरा. सोनं विकलं असतं तर छप्पर शाकारलं नसतं का मी? पावसाळ्यात देवी कोरडी असते आणि मी भिजते."

पारख्याने वर बघितले, मग खाली बघितले. उंबऱ्याच्या आत, कोपऱ्यात, एक सहाण होती. मधोमध खोलगट झालेली. शेजारी टोपलीत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा. जे ते एका अंगाने तिरके झिजलेले, मोहोरेसारखे.

त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असते, की घरात बाळ जन्मले की सहाणेवर ही मुळे-फळे आईच्या दुधात उगाळतात आणि बोटाने बाळाला चाटवतात. तीच बाळगुटी. आणि गुटीत सोन्याचे दोन वळसे दिले की लेकरू सोन्यासारखे होते, असे म्हणतात. ज्यांच्या घरी सोने आहे ते अंगठी उगाळतात. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी काय उगाळायचे? नशीब?

"बाळगुटी," पारखी म्हणाला.

गुरवीण तांदूळ निवडत राहिली.

"कुणाकुणाच्या लेकरांना दिलीत?"

"ते मी सांगायची नाही. पाटलानं दवंडी पिटून ठेवलीय. मोहोर पेटीबाहेर काढायला लावील ते घर वाळीत. बाया पाण्याच्या निमित्तानं येतात, कडेवर घागर आणि पदराखाली तान्हं. मी एकेकीला शब्द दिलाय, तुझं नाव माझ्या तोंडून जायचं नाही."

पारख्याला बोलावेच लागले. "बाई, दया केलीत, पण एक ध्यानात आलं नाही तुमच्या. तुमची मोहोर जशी हलकी होत गेली, तशी बाजारातली सगळी वजनं तिच्याशी ताडून हलकी होत गेली. सोनाराकडं जो जो गेला त्याला कमी सोनं मिळालं. मंगळसूत्राचा एक मणी घ्यायला वर्षभर राबणारी बाईसुद्धा त्यात आली."

गुरविणीचे हात सुपात थांबले. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

"हे नव्हतं हो कळलं मला," ती म्हणाली. "खरंच नव्हतं कळलं. मग त्याचा दंड माझ्याकडून घ्या. नावं मात्र मिळायची नाहीत."

"नावं मला नकोत. पण राजाचा नियम ऐका. देवीची वस्तू गावासाठी झिजली असेल, तर गावानं मिळून ती भरून द्यायची आणि विषय मिटला. एकटीनं नेली असेल, तर तिनं गाव सोडायचं. यात तुमचं एकटीचं बोलणं चालत नाही. गावातून एकानं तरी उभं राहून म्हणायला हवं, की होय, माझ्या लेकराला दिलं. एक तोंड उघडलं तरी पुरे."

"एवढंच ना?" गुरविणीच्या चेहऱ्यावर परत रंग आला. "उघडेल की. माझ्या हाताखालनं गेलेलं गाव आहे हे."

दुपारी देवळासमोर गाव जमले. पारखी पायरीवर उभा राहिला, मोहोर सगळ्यांना दाखवली, ती कशी झिजली ते समजावून सांगितले आणि राजाचा नियमही सांगितला. मग म्हणाला, "जिच्या लेकराला या सोन्याची गुटी मिळाली असेल, तिनं नुसतं 'होय' म्हणावं. वाळीत टाकण्याचा प्रश्न नाही. राजाच्या माणसापुढं दिलेल्या साक्षीला पाटलाची दवंडी लागू होत नाही."

याहून सोपे काय असते? पण कुणी बोलेना.

बाया खाली बघू लागल्या. एकीला एकाएकी पदर नीट करायचा आठवला. एकीने झोपलेल्या पोराला उगीचच थोपटायला घेतले. पाटलीणबाई अगदी पुढे होती, कडेवर गुटगुटीत नातू, आणि ती कळसाकडे अशी टक लावून पाहत होती जणू आजच तो बसवलाय.

पारख्याने एकेकाला विचारले. कुंभार म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक बुवा, आम्ही चिखलातली माणसं." कोष्टीण म्हणाली, "आमच्यात गुटी देतच नाहीत." गुरविणीने मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिले.

आणि पुरुष? त्यांतल्या अर्ध्यांना ठाऊक होते. बायको गुटी कुठून आणते हे न विचारण्याची अक्कल पुरुषांना असते. विचारल्यावर सांगण्याची नसते.

खरे काय होते, तर गुरविणीने प्रत्येकीला 'कुणाला सांगू नकोस' म्हटले होते, आणि तेवढे मात्र प्रत्येकीने पाळले होते. त्यामुळे प्रत्येकीला वाटत होते, मोहोरेचे सोने घेणारी मी एकटीच. आपण बोललो आणि दुसरे कुणी बोललेच नाही, तर? सगळे सोने आपल्याच माथी यायचे. आणि जिला वाटत होते की दुसऱ्याही असतील, ती म्हणत होती, मग दुसरीच बोलेल की.

"झालं?" पाटील म्हणाला. "बघितलंत पारखीबुवा? अख्ख्या गावात एक नाही. म्हातारी बाळगुटीच्या नावाखाली सोनं खाऊन बसलीय."

"माझं मन सांगतं, ही बाई खरं बोलते," पारखी म्हणाला.

"मन? मन कधीपासून काट्यात टाकायला लागलात?"

लोक हसले. हसायला सगळ्यांची तोंडे उघडली, हे ध्यानात ठेवा.

पारख्याला ठाऊक होते, आणखी दोन दिवस राहून घरोघर हिंडले, बायांना एकेकटे गाठून बोलते केले, तर एखादी कबूल होईल. त्याने ते मनात आणलेही. मग त्याला डोंगराचा उतार आठवला, गुडघे आठवले, आजवर उंबरे झिजवून झिजवून ऐकलेली खोटी बोलणी आठवली. त्याने निकाल लिहून टाकला. गुरविणीने सूर्य मावळायच्या आत गाव सोडावे.

गुरविणीने रडारड केली नाही. शिव्याही दिल्या नाहीत, आणि मला विचाराल तर चार द्यायला हव्या होत्या. तिने कमरेची किल्ली काढून पायरीवर ठेवली. आत जाऊन सहाण फडक्यात बांधली, टोपली डोक्यावर घेतली आणि माणसांच्या मधून चालायला लागली. माणसांनी वाट करून दिली. तेवढे मात्र अगदी अदबीने केले.

खिंडीच्या चढावर पारख्याचे तट्टू तिच्या बरोबरीला आले.

"बसता का तट्टावर?" त्याने विचारले.

"तुमचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. बसा तुम्हीच."

थोडे अंतर गेल्यावर पारखी म्हणाला, "नावं घेतली असतीत तर एकेकीला तोंडावर विचारलं असतं, वाचला असतात."

"मी वाचले असते, आणि त्या मरेस्तोवर घरच्यांची बोलणी खात बसल्या असत्या. ते जाऊ द्या. घर गेल्याचं मला एवढं नाही वाटत. ते गळतच होतं." ती दम घ्यायला थांबली. "मला वाटलं होतं, एक तरी. फार नाही हो, एक."

पारख्याने तट्टाचा लगाम उगीचच ओढून सैल केला.

"आणि तुम्ही?" गुरवीण म्हणाली. "तुम्हाला तर सगळं कळलं होतं."

"माझं काम वजन सांगायचं, बाई."

"हं," गुरवीण म्हणाली.

त्या एका 'हं'ला तोलून धरील असे वजन पारख्याजवळ नव्हते. खिंड ओलांडल्यावर वाटेवर एक पडकी धर्मशाळा होती. गुरविणीने तिथे टोपली उतरवली आणि पारखी पुढे निघून गेला.

दिवस गेले. दुसऱ्या कुठल्या तरी गावी, दुसऱ्या कुठल्या तरी चोरीच्या तपासाला पारखी त्याच वाटेने परत निघाला. धर्मशाळेपाशी आला आणि त्याने तट्टू थांबवले. अंगण सारवलेले होते. वळचणीला दुपटी वाळत होती. आतून तान्ह्याचे रडणे येत होते.

"बसा," गुरवीण म्हणाली, जणू तो कालच गेला होता. "ताक देते."

ताक पिता पिता पारख्याने पाहिले, खिंडीतून बायांची रांग उतरत होती. कडेवर, पदराखाली, पाठीशी बांधलेली पोरे. त्याला नवल वाटलेले पाहून गुरवीण म्हणाली, "पहिल्यांदा एकेकटी यायची, चोरासारखी. पण खिंडीला वाट एकच. एकीला दुसरी भेटली. 'अगं, तू?' 'अगं, तूही?' मग तिसरी भेटली. डोंगर चढून आल्यावर कळलं त्यांना, की सगळ्यांनीच घेतलं होतं. तेच देवळासमोर कळलं असतं, तर चढ वाचला असता."

त्या दिवशी रांगेत सगळ्यांत मागे पाटलीणबाई होती. घामाने निथळत होती. तिच्या घरी नुकतीच नात झाली होती आणि लेकरू अंगी लागत नव्हते. ती उंबऱ्याशी आली आणि हातातली सोन्याची बांगडी काढून गुरविणीपुढे धरली.

"मावशी, ही उगाळा. आमच्या घरची आहे. कुणाची चोरी नाही यात."

"घाल हातात परत," गुरवीण म्हणाली. "सोनं लागत नाही. वेखंड आणि हळकुंड पुरतं. इथं आल्यापासून मी सोनं उगाळलंच नाही, तरी सगळी पोरं बाळसं धरून आहेत."

पाटलीण बघतच राहिली. "मग तेव्हा कशाला उगाळत होतात मोहोर? कशाला एवढं ओढवून घेतलंत?"

"तेव्हा मलाही वाटायचं सोन्यात काहीतरी असेल. आणि तुम्हाला तर सोन्यावरच विश्वास होता. नुसत्या माझ्या हातच्या मुळ्या-फळांना कुणी विचारलं असतं? सोनं होतं म्हणून आलात गं माझ्या दारात."

पाटलीण मटकन खाली बसली. पोरगी मांडीवर, डोळ्यांत पाणी. "मावशी, मी बोलायला हवं होतं. माझा नातू माझ्या कडेवरच होता. तुमच्याच गुटीवर वाढलेला. मी कळसाकडं बघत राहिले."

"हे मला सांगायला खिंड चढून आलीस? मला ठाऊक नाही का ते? मी नव्हते तिथं?" गुरविणीने तिच्या मांडीवरची पोरगी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि सहाण पुढे ओढली. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. जिथं गप्प बसलीस तिथंच उभं राहून सांग. इथं रडून माझ्या अंगणाचं सारवण ओलं करू नकोस."

पाटलिणीने डोळे पुसले. ती गावी गेली, आणि देवळासमोर, नवऱ्याच्या देखत, उभी राहून बोलली. एकीने तोंड उघडल्यावर कोष्टिणीचे उघडले, कुंभारणीचे उघडले, मग घरोघरचे उघडले. पाटलाला खाली बघावे लागले. राजापर्यंत गोष्ट गेली. गावाने मिळून मोहोरेची तूट भरून दिली, सोनारांनी वजने बदलली, आणि गुरविणीला परत आणायला वाजतगाजत माणसे आली.

गुरविणीने त्यांना ताक दिले.

"चला मावशी," लोक म्हणाले. "आता सगळं गाव तुमच्या बाजूनं आहे."

"असू दे," ती म्हणाली. "पण मी आता दमले. एकदा चढले ती खिंड पुरे झाली. मी काही यायची नाही. लेकरं आणत जा, त्यांचा काही दोष नाही."

वाजंत्री गुपचूप परत गेली. तेव्हापासून त्या गावात बाळ जन्मले की आई त्याला दुपट्यात गुंडाळते आणि उन्हातान्हात खिंड चढायला लागते. चढ उभा आहे. मध्ये झाड नाही. दर वळणावर धाप लागते, आणि प्रत्येकीला पुरते ठाऊक असते, की हा चढ आपला आपणच वाढून ठेवला आहे.

तात्पर्य: ज्याच्या हातून गुपचूप घेतले, त्याच्यावर आळ आला तर चारचौघांत बोलावे. घ्यायला हात पुढे होतो, तर साक्षीला तोंडही उघडले पाहिजे. आणि ते वेळेवर उघडले पाहिजे.